धुतलेला डबा

ब्राउझरमधले दोष शोधणं हे माझं काम आहे, असं सांगितलं की नांदेडातले लोक माझ्याकडे सहानुभूतीनं बघतात. मामीचा अजूनही पक्का समज आहे की मला नोकरी लागलेली नाही आणि मी लाजेपोटी काहीतरी थाप मारतो. शेजारचे निवृत्त मास्तर एकदा म्हणाले, "दिवसभर खोलीत बसून काय करून राहिला बाबा?" मी म्हणालो, दोष काढून राहिलो. ते म्हणाले, "ते तर आमच्या घरी रोजच चालू हाय." आणि आपल्याच विनोदावर हसत ते दूध आणायला गेले. त्या दिवशी माझ्याशी तेवढे एकच जण बोलले.

तक्रार नाही, हे मी स्वतःच ओढवून घेतलंय. गोदावरीपासून दोन गल्ल्या आत, वरच्या मजल्यावर एक खोली घेतली आहे. खोलीत तीन जुने संगणक, लाईट गेली तर अर्धा तास दम धरणारा इन्व्हर्टर, आणि एक मोठा पंखा. पंखा माझ्यासाठी नाही, संगणकांसाठी आहे. मी लिहिलेला एक प्रोग्राम त्या तिघांवर दिवसभर वेडीवाकडी पानं तयार करतो आणि ब्राउझरला खायला घालतो. बहुतेक पानं ब्राउझर मुकाट्यानं गिळतो. आठ-पंधरा दिवसांतून कधीतरी एखादं त्याच्या घशात अडकतं आणि तो कोसळतो. मग मी उठून बघायला जातो की नेमकं काय अडकलं. बाकीचा वेळ वाट बघण्यात जातो, आणि वाट बघायची मला लहानपणापासून सवय आहे.

ज्यातून आपण बातम्या वाचतो, रेल्वेचं तिकीट काढतो, सातबारा बघतो, तो ब्राउझर. त्यात पान उघडलं की पानावरच्या प्रत्येक वस्तूला, चित्राला, बटणाला, यादीला तो संगणकाच्या मेमरीत जागा नेमून देतो आणि त्या जागेचा पत्ता लिहून ठेवतो. वस्तूचं काम संपलं की जागा मोकळी होते आणि दुसऱ्या कुणाला तरी मिळते. इथवर सगळं ठीक. पण कधी कधी ब्राउझरच्याच एखाद्या कोपऱ्यात जुना पत्ता खोडायचा राहून जातो. मग तो कोपरा त्या पत्त्यावर जातो, तिथं जो कुणी बसला असेल त्याला जुनाच धरून चालतो, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे वागतो. वाईट हेतूचा माणूस नेमकी याचीच वाट बघत असतो. जागा मोकळी झाली की तो आपला माल तिथं नेऊन ठेवतो. तुम्ही बापड्यांनी फक्त एक पान उघडलेलं असतं, आणि तेवढ्यानं तुमचा संगणक त्याच्या हुकुमात जातो. आमच्या धंद्यात याला यूज आफ्टर फ्री म्हणतात, म्हणजे मोकळं केल्यावरही वापरणं. मेमरी बिघडवणारे दोष पुष्कळ जातींचे असतात, पण माझा हात बसला तो या एका जातीवर. तो का बसला, याचा विचार मी बरीच वर्षं टाळला.

मागच्या उन्हाळ्यात एक चांगला दोष सापडला. फॉर्म भरताना आपण यादी खाली ओढून जिल्हा निवडतो, तालुका निवडतो. ती यादी उघडत असतानाच पानानं ती पुसून टाकायला सांगितलं, तर ब्राउझर यादीची जागा मोकळी करायचा. पण यादी उघडणाऱ्या भागाला ते कुणी कळवायचंच नाही. तो आपलं अर्धं राहिलेलं काम पुरं करायला बिनघोर तिथंच परत जायचा.

असा दोष पकडायला एक खास तपासणीचा ब्राउझर मिळतो. त्यात मोकळी झालेली जागा लगेच दुसऱ्याला देत नाहीत. तिच्यात एक ठरलेली खूण भरून ती काही काळ तशीच पडू देतात. कुणी जुन्या पत्त्यावर येऊन त्या खुणेला हात लावला की चोरी उघडी पडते, आणि ब्राउझर कोसळता कोसळता तीन गोष्टी सांगून जातो: ही जागा कुणी दिली होती, कुणी मोकळी केली, आणि नंतर तिथं कोण गेलं. मी त्या तिन्ही गोष्टी नीट लिहून काढल्या, दोष दाखवणारं छोटंसं पान जोडलं, आणि ब्राउझर बनवणाऱ्यांना अहवाल पाठवायला बसलो. अहवालाच्या शेवटी एक प्रश्न असतो. हा दोष कोणत्या आवृत्तीपासून आहे? मी लिहिलं, ताज्या आवृत्तीपासून. तपासलं नव्हतं. उकडत होतं, कंटाळा आला होता, आणि जुन्या आवृत्त्या एकेक उतरवून बघणं हे हमाली काम आहे.

दोन दिवसांनी उत्तर आलं. तिकडचा इंजिनियर बाप्या आहे की बाई हेही मला माहीत नाही, पण गेल्या काही वर्षांत माझ्याशी सगळ्यांत जास्त बोललेलं माणूस बहुधा तेच. त्यानं विचारलं होतं की ताज्या आवृत्तीपासून म्हणता, तर खात्री आहे का? वेळ चुकीची सांगितली असेल तर आम्ही भलतीकडेच शोधत बसू.

मी संगणकासमोरून उठलो, खाली टपरीवर गेलो, चहा सांगितला आणि तो तसाच निवू दिला. डोळ्यांपुढं लातूरचं बसस्टँड आलं होतं, आणि बसमधून उतरणारी एक बाई, हातात लाल रंगानं ३ लिहिलेला डबा घेतलेली.

माझं गाव भूकंपात गेलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. वाचलो कारण तिथं नव्हतो. गणपतीत आम्ही तिघं मामाकडे नांदेडला आलो होतो. मला ताप भरला म्हणून मला मामीजवळ ठेवून आई-वडील गावचा गणपती बुडवायला परत गेले. नंतर सरकारनं गाव दुसऱ्या जागी वसवलं, सरळ रस्ते, सारखी घरं, घरांवर नंबर. जुन्या जागेवर बाभळी वाढल्या. शाळेच्या फॉर्मवर कायमचा पत्ता लिहायची वेळ आली की मी गावाचं नाव लिहायचो आणि गुरुजी विचारायचे, "जुनं का नवं?" नव्या गावात माझं कुणीच नव्हतं, म्हणून मी जुनं म्हणायचो. मग गुरुजी मामाचा पत्ता लिहायचे.

मामी वाईट नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण आईविना पोर आणि मामी म्हटलं की लोक लगेच डोळ्याला पदर लावतात. तिनं मला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी टोचून बोलली नाही. तरी आपण या घरात पाहुणे आहोत हे सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. जेवण झालं की मामेभाऊ ताट तिथंच ढकलून उठायचे. मी माझं ताट मोरीत नेऊन स्वच्छ धुवायचो आणि पालथं घालायचो. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मामी शेजारच्या बायकांना कौतुकानं सांगायची, "लई गुणाचं लेकरू हाय." तिची आणखी एक रीत होती. शेजारून कशातून काही आलं तर ते भांडं ती रिकामं परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायचीच. ते भांडं पोचवायचं काम माझ्याकडे असे, त्यामुळे ती रीतही अंगात मुरली.

दहावीला मार्क बरे पडले आणि मामानं जाहीर केलं, लातूर. त्या वर्षांत मराठवाड्यात ज्याच्या त्याच्या पोराला बरे मार्क पडले की घरात हाच एक शब्द उच्चारला जायचा, आणि मग ते पोर डॉक्टर झाल्यातच जमा. क्लासच्या आसपासच्या गल्ल्याच्या गल्ल्या पोरांनी भरलेल्या होत्या. खोली कुणाला मिळायची नाही, कॉट मिळायची. आमच्या घरमालकानं प्रत्येक कॉटच्या डोक्याशी ऑइलपेंटनं नंबर घातला होता आणि तो आम्हाला नंबरानंच हाक मारायचा. एखादं पोरगं नाद सोडून गावी गेलं की दोन दिवसांत त्याच कॉटवर, त्याच गादीवर दुसरं. भूकंपानंतर जन्मभर पुरेल एवढं एकटेपण मला मिळालंच होतं. तरी खरा एकटा मी झालो तो त्या गर्दीत. माझी कॉट चार नंबरची होती. खोलीत दुसरी एकच कॉट होती, तीन नंबरची.

तीन नंबर तासाभरावरच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा. मेसचं जेवण त्याला सोसत नव्हतं म्हणून त्याचा डबा रोज गावाहून एसटीनं यायचा. अशी पुष्कळ पोरं होती. सकाळी साडेनऊला गाडी लागली की कंडक्टर ड्रायव्हरच्या मागं रचलेले डबे खाली उतरवायचा आणि पोरं तुटून पडायची. प्रत्येक डब्यावर काही ना काही खूण असायची, कुणाची चिंधी, कुणाचा रंगाचा फराटा. त्याच्या बापानं पहिल्याच दिवशी येऊन कॉट बघितली आणि घरी जाऊन दोन्ही डब्यांवर लाल रंगात ३ काढला. कालचा रिकामा डबा त्याच गाडीनं परत जायचा. गावात फोन एकट्या सरपंचाकडे होता आणि तोही सहसा बंदच. घरी बातमी जायची ती एवढीच. डबा परत आला म्हणजे पोरगं जेवलं.

आणि तो डबा कसा परत पाठवायचा, तर खरकटा. भाजीचा ओघळ सुकलेला, झाकण कसंबसं लावलेलं. शेपूची भाजी आली तर तिला बोटही न लावता तशीच परत. मी एकदा म्हणालो, अरे, निदान पाण्यातून तरी काढ. तो म्हणाला, "आई धुती की. तिचाच तर डबा हाय." त्यानं ते सहज म्हटलं. मला त्याचा इतका हेवा वाटला की मी खाली नळावर जाऊन उगाच तोंड धुऊन आलो.

बारावीच्या सहामाहीत त्याचे मार्क घसरले. क्लासवाल्यांनी त्याला हुशार पोरांच्या तुकडीतून काढून मागच्या तुकडीत टाकलं आणि त्यानं पुस्तकाला हात लावणं सोडलं. एका सोमवारी सकाळी उठून त्यानं बॅग भरली. "चार रोजात येतो," तो म्हणाला. "घरी सांगू नगंस, म्याच सांगतो." मी त्याच्याबरोबर स्टँडवर गेलो. तो हैदराबादच्या गाडीत चढेपर्यंत त्याची बॅग माझ्या हातात होती. खिडकीतून त्यानं सांगितलं, "आजचा डबा तू खा." हैदराबादला कोण आहे, हे मी विचारलं नाही.

गाडी गेल्यावर साडेनऊला डबा आला. फडक्यात बांधलेल्या भाकरी अजून मऊ होत्या. अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार, कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी. आईच्या हातची चव आठवली असं मी म्हणणार नाही, मला ती आठवत नाही आणि आठवते असं सांगणं खोटं होईल. पण एकाच माणसाच्या नावानं रांधलेलं जेवण कसं लागतं ते मला त्या दिवशी कळलं. मी सगळं खाल्लं, डबा घासून धुतला, मामीच्या रीतीप्रमाणे फिजिक्सच्या जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कागदात चिमूटभर साखर बांधली, ती पुडी डब्यात टाकली आणि मंगळवारच्या गाडीनं डबा परत पाठवला. त्या गाडीनं पुढचा डबा आला. तो तरी टाकून कसा देणार?

चार दिवस झाले, तो आला नाही. आठ झाले. सांगू नकोस असं तो म्हणाला होता, ही सबब माझ्याजवळ होती आणि मी ती रोज वापरली. खरी गोष्ट वेगळी होती. मी सांगितलं असतं तर डबा बंद झाला असता. साडेनऊ कधी वाजतात याची मी सकाळपासून वाट बघायचो. स्टँडवर कंडक्टर आता मलाच तीन नंबर म्हणायला लागला होता आणि मी ते चालवून घेत होतो. शेवटी शेवटी लागोपाठ तीन दिवस शेपू आला. मला वाटलं, शेपूचे दिवस असतील. मी तिन्ही दिवस चाटूनपुसून खाल्ला.

सतराव्या दिवशी, बुधवारी, डब्यांच्या ढिगात लाल ३ दिसेना. मी वाकून शोधत होतो आणि मागून त्याची आई गाडीतून उतरली. डबा तिच्या हातात होता. मागोमाग नवरा, धोतर-टोपीतला, उंचापुरा. तिनं मला कधी बघितलं नव्हतं, मी गुपचूप निघून जाऊ शकलो असतो. पण माझ्या हातात कालचा धुतलेला डबा होता आणि त्यावरचा नंबर दोघांनीही ओळखला.

"आमचं पोरगं कुठंय?" बापानं विचारलं.

"गेला," मी म्हणालो.

"कवा?"

सोळा दिवस म्हटलं तर सोळा डबे कुणी खाल्ले, हा पुढचा प्रश्न होता. माझ्या तोंडून निघालं, "काल."

"कंच्या गाडीनं?"

"माहीत नाही. सांगून नाही गेला."

ती माझ्या हातातल्या डब्याकडं बघत राहिली. पोलीस चौकीतही बापानं कालचा दिवस सांगितला आणि मी मान डोलावली. मग ते मंगळवारच्या गाड्यांच्या कंडक्टरांना विचारत फिरले. मंगळवारच्या गाड्यांत तो कुठून असणार? कुणीतरी म्हणालं, असली पोरं पुण्याला जातात, म्हणून भावकीतली माणसं पुण्याला गेली. माझ्या खिशात सोमवार आणि हैदराबाद हे दोन शब्द होते आणि एक काढला की दुसरा निघणार होता. मी दोन्ही गिळले. परत जाताना तिनं हातातला डबा माझ्यापुढं धरला. "तू तरी खा. वाया जाईल." तो मी खाल्ला. टाकून देणं खाण्याहून वाईट वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं डबा घासून, धुऊन, साखरेची पुडी घालून साडेनऊच्या गाडीनं परत पाठवला. त्यानंतर डबा आला नाही.

मी डॉक्टर झालो नाही. नांदेडच्या कॉलेजातून कसाबसा इंजिनियर झालो आणि माणसांपासून लांब राहता येईल असं हे काम शोधलं. तीन नंबरचं काय झालं हे जाणून घ्यायची हिंमत मला कधी झाली नाही. लातूरवरून जाणाऱ्या गाडीत बसलो की मी झोपेचं सोंग घेतो.

टपरीवरून वर आलो आणि जुन्या आवृत्त्या उतरवायला घेतल्या. पद्धत सोपी आहे. सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत नवी घ्यायची, मधली बघायची. मधलीत दोष असला तर आणखी मागे जायचं, नसला तर पुढे यायचं. प्रत्येक वेळी शोधायची जागा निम्मी होते. सांगायला सोपं, पण जुने ब्राउझर नव्या संगणकावर रुसून बसतात, एकेकाला मनवायला अर्धा दिवस जातो. चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. दोष ताजा नव्हताच. कितीतरी मागच्या आवृत्तीत कुणीतरी यादीच्या कामात एक लहानसा बदल केला होता, तेव्हापासून तो तिथं होता आणि दरम्यान कोट्यवधी लोक त्या यादीतून आपला जिल्हा निवडत आले होते. मी आधीचं उत्तर चुकीचं होतं असं कबूल करून खरी आवृत्ती लिहिली. पलीकडून उत्तर आलं, आभार, आता नेमकी जागा सापडली. एवढंच. माझ्यावर कुणी रागावलं नाही. खरं सांगायला इतकंच लागतं हे बघून मला स्वतःची फार चीड आली.

त्या रविवारी मी नांदेडहून लातूरची गाडी धरली आणि लातूरहून त्या खेड्याची.

घर सापडायला त्रास पडला नाही. भूकंपानंतर बांधलेलं, वर पत्रा. ती ओसरीवर तूर पाखडत होती. केस पांढरे झाले होते, बाकी तीच. मी चप्पल काढून उभा राहिलो. गाडीत बसून मी लांबलचक सुरुवात तयार केली होती, ती सगळी विसरलो.

"मी लातूरला त्याच्या खोलीत होतो," मी म्हणालो. "चार नंबरला."

तिनं सूप खाली ठेवलं. "साखरंची पुडी घालणारा?"

मी खाली बसलो. "हाव," मी म्हणालो. "तो काल गेला नव्हता. सोळा दिवस आधी गेला होता. सोमवारी सकाळी, हैदराबादच्या गाडीनं. मी त्याची बॅग धरली होती. डबे मी खाल्ले."

तिनं सुपातल्या तुरीतून बोटं फिरवली. "सोमवारी," ती म्हणाली. "मंगळवारी पयला धुतलेला डबा आला. म्या तवाच ह्यास्नी म्हणलं, ह्यो आपल्या लेकरानं खाल्लेला डबा न्हाई. हे हसले. म्हणले, पोरगं सुधारलं, लातूरला घातल्याचं चीज झालं. भावकीत सांगत फिरले, पोरगं डबा धुऊन धाडतंय."

"शेपू," मी म्हणालो.

"तीन रोज धाडला. म्हणलं बघावं. तिन्ही डाव चाटून आला. तवा कुठं हे उठले." तिनं माझ्याकडं बघितलं. "आन् तू काल म्हणलास."

मी सांडलेले तुरीचे दाणे वेचू लागलो. 

"हे मला म्हणले, लेकरू न्हाई, लेकरू न्हाई करत बसलीस पंधरा दिस. तुझंच बोलणं बाधलं. जाईस्तोवर त्येंच्या मनातनं ते गेलं न्हाई." तिनं भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडं बघितलं. "आन् मलाबी तसंच वाटायचं. म्याच वंगाळ बोलले म्हणून लेकरू गेलं."

"तो आधीच गेला होता," मी म्हणालो. "तुम्ही पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता."

"म्हंजी म्या खरी व्हते." ती हे मला सांगत नव्हती. तिनं तेच पुन्हा एकदा म्हटलं, फोटोकडं बघून. मग म्हणाली, "हैदराबाद. तिकडं कुणी गेलंच न्हाई बघाया."

मी म्हणालो, मी जातो. इतक्या वर्षांनी जाऊन काय बघणार हे दोघांनाही ठाऊक होतं, पण ती नको म्हणाली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही. तिनं उठून चूल पेटवली.

भाकरी आणि पिठलं होतं. मी खाली मान घालून जेवलो. ती समोर बसून माझं ताट बघत होती, वाढत होती, आणि पुन्हा बघत होती. जेवण झालं तसा मी ताट उचलून मोरीकडं निघालो.

"ठिव ते," ती म्हणाली. "धू नगंस."

मी ताट होतं तिथंच परत ठेवलं, खरकटं, आणि हात तेवढे धुतले. निघालो तेव्हा ते तिथंच होतं आणि ती त्याच्याजवळ बसलेली होती.